सत्तावीस नंबरचा फोटो

प्रज्ञाताई,

तुझी पिशवी माझ्याकडे आली आहे. लॅपटॉपचा पडदा तडकलाय, पण तो सुरू होतो. तोंड तपासायच्या लाकडी चपट्या काड्यांचं पाकीट फुटून काड्या पिशवीभर पसरल्या होत्या. मी त्या एकेक वेचून पुन्हा पाकिटात भरल्या. एकदा सांडलेली काडी कोणाच्या तोंडात घालायची नसते हे तूच शिकवलं होतंस, तरी भरल्या. आतल्या कप्प्यात घडी घातलेला एक कागद होता. त्यावर नावं नाहीत, नुसते आकडे. नऊ आकड्यांभोवती गोल. सत्तावीसभोवती दोन गोल, इतके दाबून काढलेले की शाई पलीकडे उमटली आहे.

तुझ्याबद्दल चार चांगले शब्द लिहून दे, असं सगळे म्हणाले. ते मला लिहिता येत नाहीत. मी या कागदाबद्दल लिहिते.

तुझ्या जाण्याबद्दल एवढंच. जानेफळहून परत येताना, दिवस बुडता बुडता, रस्त्यात कापसाची ट्रॉली बंद पडलेली होती. मागे दिवा नाही, लाल काच नाही. तीन धोंडे ठेवलेले आणि वर बाभळीची फांदी. मातीला आलेला प्रत्येक माणूस तेच बोलून गेला, 'डोळ्याचा अभ्यास करणारी पोरगी, अन् तिलेच दिसलं नाही. नशीब.' मला या वाक्याची चीड येते, ताई. नशीब कसलं? लाल काच लावायची असते, ती लावली नव्हती. तू असतीस तर माझ्याकडे बघून म्हणाली असतीस, 'झालं. काढ आता पत्रक.'

तुझा अभ्यास खरं तर अमडापुरातच सुरू झाला होता. कापूस वेचून आला की तुमच्या ओसरीत ढीग पडायचा. किडका, पिवळा पडलेला कापूस, आपण त्याला कवडी म्हणतो, तो वेगळा काढायचं काम आपल्या दोघींचं. मोठीआई, म्हणजे तुझी आई, मधूनच साफ केलेल्या ढिगात हात घालायची आणि नेमकी कवडी काढून आपल्या नाकासमोर धरायची.

"ही कोणाच्या डोळ्यातून गेली वं?"

तू म्हणायचीस, "लय वेळ चांगलाच कापूस येते ना माय, मंग डोळा पाह्यनं सोडून देते. हातच चालते."

"मंग मार कोणाले देऊ? डोळ्याले का हाताले?"

पुढे शहरातल्या प्रयोगशाळेत तू हेच तपासत बसलीस. तोंडाच्या कॅन्सरआधीचा पांढरा चट्टा ओळखायला शिकलेल्या बायांना तू फोटोमागून फोटो दाखवायचीस. बरेच फोटो सलग निरोगी तोंडांचे आले की त्यांचं बोट आपोआप 'साफ' या बटणावर जायचं, आणि मध्येच आलेला चट्टा त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून जायचा. फोटोखाली 'तंबाखू खाते' असं लिहिलं की तोच चट्टा त्यांना चटकन दिसायचा. "डोळा पाहत नाही, अस्मे, डोळा अंदाज करते," तू म्हणायचीस. "त्याले आधी कोण काय सांगतलं, त्याच्यावर सारं हाय."

मी पत्रकांवर वाढलेली पोर. बाबांच्या झोळीत गुलाबी, पिवळे, निळे कागद असायचे. विहिरीचं पत्रक, मजुरीचं पत्रक, शिष्यवृत्तीच्या अर्जाचं पत्रक. मी अक्षरं शिकले ती 'बंधू आणि भगिनींनो' पासून. त्यामुळे तुझं हे डोळ्याचं शास्त्र मला कधीच सरळ गिळता आलं नाही. मी भांडायचे. त्या बाईला दिवसभर फोटो बघायला लावायचे, वर मानधन वेळेवर द्यायचं नाही, आणि चट्टा सुटला की दोष तिच्या डोळ्याचा? दोष राबवून घेणाऱ्याचा आहे, असं मी म्हणायचे.

"दोष दोघाईचा हाय. तू एकाचंच पत्रक काढतं."

"कारण दुसरा गरीब हाय."

"गरिबाचा डोळा चुकत नाही का? चुकते. अन् मरते कोण? गरीबच."

हे भांडण आपण किती वेळा केलं. विहाराच्या पायरीवर, चिखलीच्या स्टँडवर, एकदा तर तुझ्या साखरपुड्यात. ते अर्धवटच राहिलं. तुझी बाजू आता मलाच मांडावी लागते, आणि मांडताना ती माझ्या बाजूपेक्षा मजबूत वाटते. हे तुला हयातीत सांगितलं असतं तर तू किती हसली असतीस.

कॅन्सर म्हणजे काय, हे तू मला निंदणाच्या शेतात समजावलं होतंस. बाया ओळीनं आपापली पात, म्हणजे निंदायची पट्टी, धरून बसल्या होत्या. तू म्हणालीस, "पाय, शेजारणीचा कोपर लागला का बाई थांबते. शरीरातल्या पेशीचंही तसंच. शेजारची पेशी तिले सांगते, बस, पुरे, इथं माही हद्द. कॅन्सरची पेशी हे आयकतच नाही. कोपर लागला तरी पुढं सरकते." मग म्हणालीस, "अन् सुरुवातीले दुखत नाही, हेच वाईट हाय. दुखलं असतं त कोणीतरी आयकलं असतं."

मागच्या उन्हाळ्यात तू तुझं काम घेऊन गावात आलीस. एक शिबिर जानेफळला, एक आपल्या विहारात. बायांच्या तोंडाचे फोटो काढायचे, आरोग्यसेविकांनी ते बघून 'साफ' किंवा 'शंका' ठरवायचं, शंका असलेल्यांना जिल्ह्याला न्यायचं, आणि सेविकांच्या डोळ्याला काय दिसतं, काय सुटतं हे तू तपासायचं. तुझा एक नियम कडक होता. फोटो बघणाऱ्याला ते तोंड कोणाचं हे कळता कामा नये, कारण नाव कळलं की डोळा लगेच अंदाज करायला लागतो. म्हणून फोटो नंबरासकट तुझ्याकडे, आणि कोणत्या नंबराची बाई कोण, ते रजिस्टर माझ्याकडे. तू ते कधी मागायचं नाही, मी ते कधी दाखवायचं नाही. "तुह्या हातात अर्धं, माह्या हातात अर्धं," तू म्हणाली होतीस. तुझं अर्धंही आता माझ्याच हातात आलं आहे.

पत्रक अर्थात मी लिहिलं. पिवळा कागद, वर मोठ्या अक्षरात 'तोंड उघडा!' आपल्या बायांना कोणी तोंड उघडू दिलं नाही, घरात नाही, पंचायतीत नाही, आता दवाखान्यासाठी तरी उघडा, असं बरंच काही. आणि शेवटी सूचना: सकाळी दात घासून, तोंड स्वच्छ करून या. प्रूफ तू वाचलंस. एक वेलांटी दुरुस्त केलीस.

बाया आल्या, ताई. भीत होतो आपण की येणार नाहीत. नवी लुगडी नेसून, केस विंचरून, सकाळी सातलाच विहारापुढे रांग. मोठीआई रांगेच्या कडेला उभी राहून मागच्यांना दम देत होती, "ढकलू नोका वं, सिनेमा नाही हाय." सकाळच्या फोटोंत जवळजवळ सगळी तोंडं साफ निघाली. आपण किती खूश होतो. त्याच आनंदात मी आणखी एक पत्रक लिहायला घेतलं होतं.

पावसाळा गेल्यावर तू पुन्हा फोटो काढून बसलीस. दुपारी आलेल्या बायांत शंका बऱ्याच जणींबाबत होती, सकाळी आलेल्यांत जवळजवळ नाहीच. एकाच गावच्या, एकाच पाण्यावरच्या बाया. तुला ते खुपत राहिलं. मग एका दुपारी ओसरीत भाकर खाता खाता तू मोठीआईला सहज विचारलंस. मी तिथंच होते.

"माय, त्या शिबिराच्या दिवशी तू दात कायनं घासले होते?"

"कायनं म्हंजे? मिसरीनं."

"शिबिराले येताना?"

"मंग! तुमच्याच कागदात लिवलं व्हतं ना, घासून या म्हणून. डाक्टरापुढं घाणेरडं तोंड घेऊन जाऊ का? मी त दोन डाव घासली. साऱ्याच बायाईनं घासली."

तुझा घास हातातच राहिला. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची भुकटी. जिनं चट्टा येतो, तिनंच त्या सकाळी गावातल्या बायांनी चट्टा झाकला होता. आपल्या मानाखातर, माझ्या पत्रकातल्या एका ओळीनं. दुपारी आलेल्यांचा थर तोवर जेवणापाण्यात निघून गेला होता. आपल्या आया तोंड कशानं स्वच्छ करतात हे आपल्याला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? मिसरीच्या वासात आपण लहानाच्या मोठ्या झालो. तू शहरात राहून ब्रशवाली झालीस. मी इथंच राहून, पत्रकाची भाषा लिहिता लिहिता, माझं घर विसरले.

दोन दिवस तू सकाळचे सगळे फोटो पुन्हा पाहिलेस, या वेळी काळ्या थराखाली काय आहे ते शोधत. मग आपल्या गावचे नऊ नंबर घेऊन माझ्याकडे आलीस. या बायांना परत बोलवायचं, आणि का बोलवतोय ते स्पष्ट सांगायचं. चूक झाली असं पत्रक काढायचं.

मी नाही म्हणाले.

माझी कारणं तुला पाठ होती, तरी आज सगळ्यांसमोर लिहिते. उपकेंद्रात बाई डॉक्टर हवी म्हणून आमची सह्यांची मोहीम चालू होती. पंचायतीतली माणसं टपून बसलेली. 'पत्रकवाल्यांची डाक्टरी' म्हणून आधीच हसत होती. अशा वेळी आपणच चूक कबूल केली तर मोहीम बुडेल, बाया पुन्हा घराबाहेर पडणार नाहीत. पंधरा दिवस थांब, म्हणाले मी. सह्या पोचू दे.

"चट्टा पंधरा दिवस थांबेल बी. नाही म्हणत नाही मी," तू म्हणालीस. "पण थांबायचं का नाही, हे कोण ठरवायचं? तू? त्या बाईले इचारलं का?"

"रजिस्टर माह्याकडं हाय," मी म्हणाले.

हे वाक्य मी खरोखर बोलले, ताई. आयुष्यभर सत्ता अडवणाऱ्यांवर पत्रकं काढली, आणि हातात एक रजिस्टर आलं तर लगेच तेच केलं.

तू चिडली नाहीस. तू चिडत नसायचीस, तेच अवघड होतं. चप्पल घालता घालता म्हणालीस, "तुह्या पत्रकात सदा 'आम्ही' असते. 'आम्ही मागतो', 'आम्ही लढतो'. चूक झाली का तो 'आम्ही' कुठं जाते वं?"

चौथ्या दिवशी तुझा आवाजी निरोप आला. मागे वारा, कुठलीतरी मोटार. "मी जानेफळले चालली. तिथल्या बायाईची नावं तिथल्या सेविकेकडं हायेत, ती देऊन राह्यली. आपल्या गावचं तू पाय. एकच आयक. सत्तावीस नंबर कोण हाय ते मले सांगू नको. पण तिले आधी ने. बाकीच्या मागून. तिले आधी."

मी तो ऐकला आणि उत्तर दिलं नाही. रागात होते. संध्याकाळी देईन म्हटलं.

रजिस्टर मी तुझ्या मातीनंतर तिसऱ्या दिवशी उघडलं. सत्तावीसपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: यमुनाबाई. वय अंदाजे साठ. मुक्काम अमडापूर. मोठीआई.

मग तुझा लॅपटॉप उघडला आणि फोटो पाहिला. ओठांपासून आतलं तोंड, बाकी चेहरा नाही. काळपट हिरड्या. आणि खालच्या बाजूला, डावीकडे, कोपरा उडालेला दात. सुपारी फोडताना तुटलेला. त्या दिवशी आपण दोघी तिच्याबरोबर रडलो होतो, ती हसत होती.

ताई, तू ओळखलं होतंस ना? डोळ्याला नाव कळू नये म्हणून एवढी कडेकोट व्यवस्था, आणि एका दातानं ती मोडली. 'सांगू नको' असं तू नियमासाठी म्हणालीस, की मी सांगितलं तर ते खरं होईल म्हणून? की तुझा अभ्यास तुलाच सांगत होता, की हे तोंड आईचं आहे म्हणून तुला नसलेलंही दिसत असेल? तो दुसरा गोल तू कोणत्या भीतीनं काढलास, हे मला कळणार नाही. त्या संध्याकाळी मी उत्तर दिलं असतं तर कदाचित कळलं असतं.

जलदान विधीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मी ओसरीत गेले. मोठीआई भिंतीला टेकून बसली होती, हातात मिसरीची डबी. तू गेल्यापासून दिवसातून चार-पाच वेळा लावते. कोणी काही म्हणत नाही. दुःखातल्या बाईला कोण अडवेल?

"मोठीआई, तोंड धुतं का जरा? नुसत्या पाण्यानं."

"काऊन? आता कोण फोटो काढते माह्या तोंडाचा?"

मी तुझा कागद तिच्यापुढे धरला. तिला आकडे वाचता येतात. सगळं सांगितलं. पत्रकातली ओळ माझी, थांब म्हणणारी मी, रजिस्टर धरून बसलेली मी. सांगताना आवाज पत्रकासारखा येत नव्हता. तिनं डबीचं झाकण लावलं. मग उठली, मोरीशी गेली, चूळ भरली. पहिलं पाणी काळं पडलं. दुसरं तपकिरी. किती चुळा झाल्या मोजल्या नाहीत, पाणी स्वच्छ यायला वेळ लागला. मग दाराच्या उजेडात येऊन तिनं तोंड उघडलं. पूर्ण उघडलं नाही, अर्धंच. मी मोबाईलचा दिवा धरला.

तुटक्या दाताशेजारी, गालाच्या आत, पांढरं होतं. कडेला लाल. काडी लागत नव्हती, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं.

मी काही बोलायच्या आधी तीच बोलली, "हाय ना?"

"तुले माहीत व्हतं?"

"जीभ जाते ना तिथं रोज. खरखर लागते. चार-पाच महिने झाले असतील."

"मंग ताईले काऊन नाही सांगतलं?"

मोठीआईनं तुझा कागद उचलला. "सांगतलं असतं. तिनं इचारलं का? तिनं दात कायनं घासले, तेच इचारलं."

त्या घरात तिघी होतो आपण, ताई. तू पाहिलं आणि बोलली नाहीस. तिला जिभेनं कळत होतं आणि ती बोलली नाही. मी तर बघायलाच नकार दिला.

जिल्ह्याच्या दवाखान्यात तिला नेलं. गालाचा तुकडा काढून तपासायला पाठवलाय. अहवाल आलेला नाही. येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती, आणि ओठ बंद ठेवून तिची जीभ गालाच्या आत फिरत होती. मला ते सारखं दिसत होतं. आता मला प्रत्येक बाईच्या गालाकडे बघायची सवय लागली आहे. तू म्हणशील, डोळा अंदाज करतोय. करू दे.

नवं पत्रक लिहिलं आहे. प्रूफ वाचायला तू नाहीस, म्हणून मोठीआईला वाचून दाखवलं. 'येताना तोंडाला मिसरी लावू नका, नुसत्या पाण्यानं धुऊन या,' इथं तिनं मला थांबवलं.

"असं नोको लिवू. घरून बिनमिसरीची कोणतीच बाई निघत नाही, लाज वाटते. जशा हाय तशा या म्हण. पाणी तिथं आम्ही देऊ म्हण. मी बसतो बादली घेऊन."

एवढी शिकलेली तू, एवढी लिहिणारी मी, आणि ही ओळ आपल्याला सुचली नव्हती.

काल कागदावरच्या बाकीच्या आठ गोलांना सुरुवात केली. रजिस्टर काखेत, घराघरात. दोघींनी तोंड धुऊन दाखवलं. एकीनं शिव्या दिल्या, मग दाखवलं. चौथ्या घराला कुलूप होतं. शेजारीण गोठ्यातून म्हणाली, "तिले त अकोल्याले नेलं वं पोरानं. तोंडच उघडत नाही तिचं. दोन बोटं जात नाहीत आत. पातळ वरणावर हाय महिनाभर."

मी खाली बघितलं. हातात पत्रकाचा गठ्ठा होता, वर तेच जुनं शीर्षक, मोठ्या अक्षरात.

घरी येऊन शीर्षक काढलं, ताई. त्या जागी काही घातलं नाही. बाबा म्हणाले, बिनशीर्षकाचं पत्रक कोण हातात घेईल? मी म्हटलं, मी देईन, एकेकीच्या हातात. खाली 'आपले नम्र, समस्त' असं असायचं, तेही काढलं. पहिली ओळ आता 'बायांनो, चूक माझी आहे' अशी सुरू होते, आणि शेवटी फक्त माझं नाव आहे.

कागदावर अजून चार गोल उरलेत. चारही नावं मला माहीत आहेत. उद्या सकाळी मोठीआई बादली घेऊन येणार आहे.